काट्याची साक्ष

घरातल्या तापमापकावर पुरता विश्वास ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पोराच्या कपाळाला हात लावून 'ताप आहे' हे आईनं आधीच ठरवलेलं असतं. तापमापकानं फक्त मान डोलवायची. त्यानं एकशे एक दाखवला, तर "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आणि अठ्ठ्याण्णवावर थांबला, तर "मेला बिघडलाय, पुन्हा लावा!" पूर्वी पाऱ्याचा असायचा तेव्हा तो झटकून पुन्हा लावीत, हल्ली आकडे दाखवणारा आला आहे, तर त्याचा सेल उतरला असं म्हणतात. विजेच्या मीटरचीही तीच तऱ्हा. बिल वाढून आलं की मीटर पळतो अशी गल्लीभर बोंब होते. बिल कमी आलं म्हणून 'आमचा मीटर तपासा हो' असा अर्ज घेऊन कुणी कचेरीत गेल्याचं आमच्या गावात तरी ऐकिवात नाही.

यंत्राची साक्ष मनासारखी असली की खरी आणि नसली की खोटी, हा न्याय आपण इतक्या सहजपणे करून टाकतो की आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलो आहोत याचंही भान राहत नाही. घरात त्यानं फारसं अडत नाही. ताप खरा असला तर रात्री चढतो, नसला तर पोर अंगणात पळतं. पण हाच न्याय ज्यांना रोज, पोटासाठी आणि दुसऱ्याच्या जिवाची जोखीम शिरावर घेऊन करावा लागतो अशीही माणसं आहेत. त्यांतला एक माझा भाचा आहे, म्हणून हा लेख.

भाचा विमानं दुरुस्त करतो. तुम्ही-आम्ही तिकीट काढून बसतो ती विमानं नव्हेत. धनिकांची खाजगी जेट विमानं. आत आठ-दहा माणसांची ऐसपैस बैठक, आणि मागे शेपटीजवळ दोन्ही अंगांना एकेक इंजिन. अमेरिकेतल्या विचिटा या गावी ७ ऑक्टोबर १९६३ रोजी लियरजेट नावाचं एक चिमुकलं विमान पहिल्यांदा उडालं आणि पुढे त्याचं नाव इतकं झालं की कुणाच्याही खाजगी जेटला लोक लियरजेटच म्हणू लागले; आपल्याकडे वनस्पती तुपाचा कुठलाही डबा 'डालडा' झाला, तसं. मुंबईच्या विमानतळाच्या कडेला अशी विमानं ओळीनं उभी असलेली मीही पाहिली आहेत. लांबून ती लग्नाला निघालेल्या बगळ्यांसारखी दिसतात.

आमच्या नात्यागोत्यात भाच्याच्या या व्यवसायाबद्दल एकमत नाही. निम्म्या लोकांची समजूत तो विमान चालवतो अशी आहे, आणि उरलेल्यांना तो गॅरेजवाला वाटतो. खरं म्हणजे त्याच्यापाशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे. काम पुरं झाल्यावर 'हे विमान उडायला योग्य आहे' असं लिहून खाली तो सही करतो. ती सही झाल्यावाचून वैमानिक विमान हलवीत नाही. मग मालक कितीही मोठा असो.

मी मराठी शाळेतली बाई. माझं शास्त्राचं ज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकाशी थांबलं. पुढची वर्षं मुलांना शुद्धलेखन घालण्यात आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिण्यात गेली. तरीही एकदा हट्ट धरून मी त्याचं हँगर पाहून आले. कादंबरीत ही जागा आली असती, तर तेलकट भिंती, धूर आणि हातोड्यांचा घणघणाट असं वर्णन मी बसल्या बैठकीला लिहून मोकळी झाले असते. प्रत्यक्षात फरशी आमच्या देवघराहून स्वच्छ होती. केरोसिनचा मंद वास येत होता. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या मापाची खाच कोरलेली. संध्याकाळी एखादी खाच रिकामी दिसली, तर तो पाना सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही असा तिथला दंडक. मला माझी आजी आठवली. फळीवरचं एक फुलपात्र जागेवर नसलं तर ती पानं वाढू देत नसे. इंजिनाच्या बोल्टांना बारीक तार पिळून ती एकाकडून दुसऱ्याकडे नेलेली होती, अगदी वेणी घातल्यासारखी. एक बोल्ट सैल होऊ लागला की ती तार दुसऱ्याला आवळते, म्हणून दोघंही जागचे हलत नाहीत.

"इंजिन बिघडलं हे तुला कळतं कसं रे?" मी विचारलं.

"मावशी, इंजिन फार क्वचित बिघडतं," तो म्हणाला. "इंजिनाचा निरोप आणणारे बिघडतात. माझा निम्मा दिवस त्यांच्या मागे जातो."

या निरोप आणणाऱ्यांना तो सेन्सर म्हणतो. मी मनाशी त्यांना निरोपे म्हणू लागले. एकेका इंजिनात असे कितीतरी असतात. फिरत्या आसावर एक दात्यांचं चाक असतं आणि त्याच्या शेजारी चुंबकावर गुंडाळलेली तार. दाता जवळून गेला की तारेत विजेची बारीकशी लहर उठते. लहरी मोजल्या की इंजिनाचा वेग कळतो. एक निरोप्या तेलाचा दाब सांगतो. एक तेलात नुसतं आपलं चुंबकी टोक बुडवून बसलेला असतो. आतले दाते किंवा बेअरिंगं झिजू लागली की लोखंडाचा कीस त्या टोकाला येऊन चिकटतो आणि झिजेची वर्दी आधीच मिळते.

पण सर्वांत अवघड नोकरी उष्णता सांगणाऱ्याची. टर्बाइनच्या पात्यांपाशी वायू आठशे अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला असतो. पारा तिथे उकळून जाईल. म्हणून क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारा घेऊन त्यांची टोकं एकत्र जोडतात आणि तो सांधा त्या वायूच्या वाटेत धरतात. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलते, हे थॉमस सीबेक या शास्त्रज्ञानं १८२१ साली दाखवलं. गंमत अशी की, उष्णतेनं चुंबकत्व निर्माण झालं असं त्याला वाटलं. सुईची साक्ष खरी होती. ती विजेबद्दल बोलत होती, हे दुसऱ्यांनी सांगितलं. शोध लावणाऱ्याचीच जिथे ही कथा, तिथे इतरांचं काय?

या सांध्याला थर्मोकपल म्हणतात. आठशे अंशांच्या भट्टीत उभा राहून तो जो निरोप धाडतो तो असतो सुमारे तेहतीस मिलिव्होल्टचा. घरातल्या विजेरीच्या एका सेलमध्ये जेवढा दाब असतो, त्याचा जेमतेम पंचेचाळिसावा हिस्सा. इतक्या कुजबुजत्या आवाजात सांगितलेली गोष्ट तारेतून, जोडांतून आणि कप्प्यांतून वैमानिकापुढच्या पडद्यापर्यंत जायची. वाटेत तांब्याची साधी तार जोडली तरी निरोप बदलतो. म्हणून लांबपर्यंत त्याच दोन धातूंच्या तारा नेतात. त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन टोकांचे आटेही वेगवेगळ्या मापाचे करतात. शंका आलीच तर भाचा खिशातला चुंबक काढतो. अ‍ॅल्युमेल चुंबकाला चिकटतो, क्रोमेल चिकटत नाही. एवढ्या मोठ्या कारभारात मॅट्रिकच्या पुस्तकातला चुंबक अजून कामाला येतो हे पाहून मला फार बरं वाटलं.

त्यात खाजगी विमानाचं आणखी एक दुखणं. प्रवासी कंपनीचं विमान रोज उडतं. धन्याचं विमान धनी निघेल तेव्हा. मधले आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस ते नुसतं उभं. मुंबईची खारी, ओली हवा जोडांत शिरते, पिना काळवंडतात आणि तेहतीस मिलिव्होल्टांतले दोन-तीन वाटेतच गळतात. आपल्याकडे आजारी माणसाला पडून राहायला सांगतात. यंत्राला पडून राहिल्यानंच आजार जडतो.

"पण हल्ली संगणक सांगतो ना, काय बिघडलं ते?" मी माझं अद्ययावत ज्ञान पुढे केलं.

"सांगतो की. चिठ्ठीच देतो, अमुक सेन्सर सदोष म्हणून. पण त्या चिठ्ठीत संशयिताचं नाव असतं. गुन्हा कुणाचा ते आपण शोधायचं. सेन्सर, तार, जोड, संगणक, नाहीतर खरोखरच इंजिन."

"आणि शोधायचं कसं?"

"जागा बदलून बघायची," तो म्हणाला, आणि मला एकदम आमची पाचवी 'ब' आठवली.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात चांगला; पण दिवाळीनंतर फळ्यावरची उदाहरणं चुकीची उतरवून घेऊ लागला. तीनचे आठ, एकचे सात. बापाचं म्हणणं, कार्टं माजलं आहे. आईला वाटलं, डोळे बिघडले. डोळे तपासले, ते ठणठणीत. मग मी त्याला उचलून पहिल्या बाकावर बसवलं आणि त्याच्या जागी वर्गातली सर्वांत हुशार मुलगी बसवली. आठवड्याच्या आत तो सुधारला आणि ती तीनचे आठ करू लागली! दोष मुलाबरोबर गेला नाही, बाकापाशीच राहिला. दुपारी अकराच्या सुमारास समोरच्या पत्र्यावरून उन्हाची तिरीप खिडकीतून येत असे, आणि नेमकं त्या बाकावरून पाहिलं की फळा चकाकत असे. खिडकीला एक जुनं धोतर बांधलं आणि दोन्ही मुलं बरी झाली.

भाच्याला ही गोष्ट इतकी आवडली की त्यानं ती आपल्या हाताखालच्या पोरांना सांगितली. मात्र त्यानं एक पुस्ती जोडली. "बाकावरची मुलं खुशाल बदल, मावशी. एका इंजिनाचा सेन्सर काढून दुसऱ्याला लावताना आम्ही दहा वेळा विचार करतो. एक इंजिन शंकास्पद आहे, तिथे दोन व्हायला नकोत." ही धास्ती नुसती पुस्तकी नाही, आणि ती कुठून आली तेही त्यानंच सांगितलं.

५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचं तीन इंजिनांचं एक मोठं विमान मायामीहून बहामा बेटांतल्या नासाउकडे निघालं. आत १७२ माणसं. उतरण्याच्या बेतात असताना मधल्या इंजिनाचा तेलाचा दाब घसरला. वैमानिकांनी ते इंजिन बंद केलं आणि विमान मायामीकडे परत फिरवलं. थोड्याच वेळात उरलेल्या दोन्ही इंजिनांचे तेलाचे काटेही शून्याकडे गेले. आता सांगा, तिन्ही इंजिनांतलं तेल एकाच वेळी कसं संपेल? शक्यच नाही. वैमानिकांनाही तसंच वाटलं. बिघाड दाखवणाऱ्यांत असला पाहिजे, असा त्यांचा तर्क. तुम्ही-आम्ही त्या जागी असतो तर आपलाही तर्क हाच असता. पण काटे खरं बोलत होते. एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. विमान सुमारे तेरा हजार फुटांवरून चार हजारांपर्यंत इंजिनाविना घसरत आलं. आधी बंद केलेलं इंजिन मोठ्या मिनतवारीनं पुन्हा चालू झालं आणि त्या एकावर ते मायामीला उतरलं. कुणाला खरचटलंही नाही.

तेल गेलं कुठून? आदल्या रात्री तिन्ही इंजिनांतले ते कीस पकडणारे चुंबकी निरोपे काढून नवे बसवले होते. त्यांच्याभोवती रबराच्या बारीक कड्या लागतात. नेहमीच्या कपाटात कड्या बसवलेलेच मिळत असत. त्या रात्री तिथे ते नव्हते. भांडारातून आणलेल्यांना कड्या नव्हत्या, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. इंजिनाची राखण करायला ठेवलेल्या रखवालदारामागचं दारच उघडं राहिलं. एकाच माणसानं एकाच वेळी सगळ्या इंजिनांवर एकच काम करू नये, असा दंडक आता कित्येक ठिकाणी आहे, तो अशाच अनुभवांतून आलेला.

याच्या नेमकी उलटी हकीकत त्याआधी सव्वा वर्षाची. १३ जानेवारी १९८२. वॉशिंग्टनला बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं विमान धावपट्टीवर आलं तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब मोजणारी नळी बर्फानं बुजलेली होती, कारण ती तापवणारी व्यवस्था चालूच केलेली नव्हती. पुढच्या आणि मागच्या दाबांच्या गुणोत्तरावरून इंजिनाचा जोर कळतो. पुढची नळी बुजल्यामुळे काटा २.०४ दाखवीत होता. खरा जोर सुमारे १.७० चा होता. वेग आणि उष्णता सांगणारे शेजारचे काटे खालीच होते, तेही ओरडून सांगत होते म्हणा ना. सहवैमानिकाला संशय आला, त्यानं तो बोलूनही दाखवला. पण मुख्य काटा जे सांगत होता ते सोयीचं होतं. विमान उडालं, पुलावर आदळलं आणि पोटोमॅक नदीत गेलं. पुलावरच्या चौघांसह ७८ माणसं गेली, पाच वाचली.

सणाच्या दिवसांत ही गोष्ट सांगू नये हे मला कळतं. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझ्या भाच्याचं काम काय आहे ते समजतं. एकीकडे खरं सांगणाऱ्या तीन काट्यांना खोटं मानलं गेलं. दुसरीकडे खोटं सांगणारा एक खरा मानला गेला. काट्यावर विश्वास ठेवावा किंवा ठेवू नये, असा एकच नियम करून भागत नाही. प्रत्येक वेळी नव्यानं उलटतपासणी करावी लागते, आणि तीही बहुधा रात्री, घाईत आणि कुणीतरी फोनवर ताटकळत असताना.

अशीच एक रात्र त्याच्यावर दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधल्या आठवड्यात आली. भाऊबीजेला तो माझ्या मुलीकडून ओवाळून घ्यायला आला, तेव्हा जेवता जेवता त्यानं ती सांगितली.

एका शेटजींचं विमान होतं. सकाळी सहाला सहकुटुंब निघायचं होतं. आदल्या फेरीहून आल्यावर वैमानिकानं तक्रार लिहिली होती की, वर चढताना डाव्या इंजिनाचा उष्णतेचा आकडा मध्येच खाली येतो आणि मग सावरतो. खाली येतो, वर जात नाही. वर गेला असता तर सगळे घाबरले असते. खाली येतो म्हटल्यावर कुणी म्हणालं, बरंच आहे की, इंजिन थंड चाललं आहे! विजेचं बिल कमी आल्यासारखंच ते.

भाच्यानं दोन्ही इंजिनं जमिनीवर सारख्या जोरात चालवली. डावं उजव्यापेक्षा चाळीस अंश थंड दिसत होतं. दोन इंजिनं जुळ्या भावांसारखी अगदी एकसारखी कधीच नसतात. पण महिन्यापूर्वीच्या नोंदींत हा फरक फार थोडा होता. मग त्यानं दुसऱ्या साक्षीदाराला विचारलं. इंधन किती जळतं? दोन्हीकडे सारखंच. "मावशी, चुलीत लाकडं तेवढीच जळताहेत आणि चूल मात्र थंड, असं होतं का कधी?" पुढे त्यानं इंजिनाची तार सोडवली आणि एका पेटीतून मोजूनमापून मिलिव्होल्ट पडद्याकडे पाठवले. पडदा बरोबर बोलला. म्हणजे दोष इंजिनाच्या बाजूला, पुढच्या अर्ध्या वाटेत. थर्मोकपलचा जुडगा काढून नवा बसवला, इंजिन चालवलं, आणि आकडा चोख आला. रात्रीचे अकरा वाजले होते. सगळ्यांचे चेहरे उजळले. व्यवस्थापकाचा फोन आला: "सेन्सर बदलला ना? आकडा आला ना? मग सही कर."

सही करायला काहीच हरकत नव्हती. कागदावर सगळं नियमात बसत होतं. पण भाच्यानं काढलेला जुना जुडगा टेबलावर घेऊन तपासला. त्याचा विद्युतरोध बरोबर, आवरण बरोबर, तापवला तर आकडाही बरोबर. त्याच्यात दोषच नव्हता! या धंद्यात याला 'नो फॉल्ट फाउंड' म्हणतात. दोष आढळला नाही. पुष्कळ वेळा हा शेरा मारून भाग भांडारात परत जातो आणि कुणाला काही वाटत नाही.

"पण मला झोप आली नसती," तो म्हणाला. "ज्याला आजारच नव्हता त्याला बाहेर काढल्यावर रोगी बरा कसा झाला?"

घरी बायको दिवस गेलेली, घराचे हप्ते नुकतेच सुरू झालेले, आणि नोकरीत वरची जागा त्याच वर्षी रिकामी व्हायची होती. त्यानं व्यवस्थापकाला सांगितलं, "साहेब, इंजिन बरं झालं आहे, पण कशानं ते मला माहीत नाही. माहीत होईपर्यंत सही नाही." पलीकडून जे शब्द आले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत.

मोठ्या प्रवासी कंपनीत एक विमान अडलं तर दुसरं पुढे येतं आणि चिडणारा माणूस कुठल्यातरी दूरच्या कचेरीत असतो. इथे विमान एक, धनी एक, आणि त्याचं म्हणणं थेट सही करणाऱ्याच्या कानात. खाजगी विमानाच्या दुरुस्तीतला अवघड भाग मला तरी हाच वाटतो. तारा आणि आटे शिकता येतात. रात्री अकरा वाजता 'मला माहीत नाही' असं म्हणायला कुठल्या शाळेत शिकवतात? आम्ही तर मुलं तसं म्हणाली की गुण कापतो.

रात्री दोनपर्यंत तो आणि एक पोरगा त्या तारेच्या मागे होते. एकानं मल्टिमीटरवर डोळा ठेवायचा, दुसऱ्यानं तारेचा जुडगा वीतभर वीतभर पुढे सरकत हळूच हलवायचा. एका पकडीजवळ आल्यावर आकडा थरथरला. पकड सोडवली, आरसा आणि विजेरी लावून पाहिलं, तर पकडीच्या काठाला घासून दोन्ही तारांवरची वेष्टणं झिजली होती. उडताना इंजिन कंप पावलं की आतले दोन धातू एकमेकांना टेकत. जिथे टेकत तिथे नवा सांधा तयार होई. ती जागा टर्बाइनपेक्षा कितीतरी थंड, म्हणून आकडा खाली येई. नवा जुडगा बसवताना ती तार बोटभर सरकली आणि तात्पुरती सुटी झाली. चार उड्डाणांत पुन्हा टेकली असती.

मला या हकीकतीत सर्वांत नवल वाटलं ते हे की, निरोप्या तसा खोटं बोलतच नव्हता. जिथे तो उभा होता तिथली उष्णता तो इमानानं सांगत होता. तो दुसरीकडेच उभा आहे अशी सगळ्यांची समजूत होती, एवढंच. माणसांच्या साक्षींतही कितीदा असं होतं! सासू एका खोलीतून पाहते, सून दुसऱ्या खोलीतून. दोघी खरं बोलतात आणि घरात महाभारत होतं.

आणि खाली आलेला आकडा बरा नसतो, तेही त्यानं समजावलं. प्रचंड वेगानं फिरणारी पाती उष्णतेनं कणाकणानं ताणत जातात. थोडे अंश जास्त झाले तरी त्यांचं आयुष्य भराभर सरतं. कित्येक इंजिनांत संगणक हाच आकडा पाहून इंधनाला लगाम घालतो. आकडा खोटा थंड असला तर लगाम ढिला पडतो.

योग्य धातूंची नवी तार दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ती बसवली, पकड नीट जागेवर घेतली, इंजिन चालवून दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले आणि मग सही झाली. शेटजी सकाळीच भाड्याच्या विमानानं गेले होते. वरची जागा त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली.

"वाईट वाटलं का रे?" मी विचारलं. माझी मुलगी पानात करंजी वाढत थांबली होती.

"वाटलं ना," तो म्हणाला. "हप्ते काय माझे काका भरणार आहेत?" आणि त्यानं करंजी मोडली.

त्या रात्री त्यानं सही केली असती तर विमान पडलं असतं, असं मी म्हणत नाही. तोही म्हणत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पाती थोडी लवकर झिजली असती, पुढच्या मोठ्या तपासणीत खर्च निघाला असता, इतकंच. न घडलेल्या अपघाताचा पुरावा मागायचा कुणाकडे? डॉक्टरनं बरा केलेला रोगी निदान पेढे घेऊन येतो. त्या विमानातून त्यानंतर कितीतरी माणसं गेली-आली असतील, मुलं खिडकीतून ढग पाहत बसली असतील. त्यांतल्या कुणाच्या कानावर ती पकड गेलेली नाही आणि जाण्याचं कारणही नाही.

त्या रात्रीची नोंद विमानाच्या वहीत कशी केली, असं मी त्याला विचारलं. माझ्यातली कादंबरीवाली जागी झाली होती. निदान पानभर तरी मजकूर असेल अशी माझी अपेक्षा. त्यानं कागदाच्या कपट्यावर मला तो लिहून दाखवला. तक्रार: डाव्या इंजिनाच्या तापमानाचा आकडा चढताना खाली येतो. आढळलं: पकडीपाशी तारांचं वेष्टण घासून दोन तारा एकमेकींना टेकतात. केलं: तार बदलली, पकड नीट बसवली, इंजिन चालवून तपासलं. त्याखाली तारीख, परवान्याचा क्रमांक आणि सही.

आम्हा कादंबरीकारांना 'नायक असं का वागला?' असा प्रश्न कुणी केला, तर पात्रं लेखकाचं ऐकत नाहीत असं सांगून सुटता येतं. त्या तीन ओळींत तशी सोय नाही. मधल्या ओळीतला 'आढळलं' हा एक शब्द खरेपणानं लिहिता यावा म्हणून त्यानं एक रात्र आणि एक बढती मोजली. तो कपटा मी माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, दौतीखाली ठेवला आहे.